तांबी : बाईला सांगा, बाईला विचारा

दोन लेकरे झाली की आपल्या घरांत एक प्रश्न ठरलेला असतो, "ऑपरेशन कधी करतेस?" सासू विचारते, नणंद विचारते, शेजारच्या वहिनीही विचारतात. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. बाळंतपणाचा अशक्तपणा अजून गेलेला नाही, आणि तिने आपल्या शरीराबद्दलचा कायमचा निर्णय आठ-पंधरा दिवसांत घ्यायचा. तिच्या नवऱ्याला मात्र हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

हे आम्ही मनचे सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांची देशभरातली आकडेवारी त्यात आहे. त्यांच्यापैकी ३७.९ टक्के स्त्रियांची स्वतःची नसबंदी झालेली होती. नवऱ्याने नसबंदी करून घेतली, असे फक्त ०.३ टक्के जोडप्यांत आढळले. आणि तांबी वापरणाऱ्या होत्या २.१ टक्के. आम्ही वाणिज्य शाखेतून शिकलो, नोकरीत दिवसभर आकड्यांशीच गाठ. या आकड्यांचा हिशेब सरळ आहे. संततिनियमनाचा जवळजवळ सगळा भार बाईच्या नावे टाकलेला आहे, आणि तोही पुन्हा माघारी न फिरता येणाऱ्या उपायाच्या रूपाने.

ज्या बाईला दोन मुलांत अंतर हवे आहे किंवा कायमचे ऑपरेशन इतक्या लवकर नको आहे, तिच्यासाठी तांबी हा एक मार्ग आहे. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. तरीही आपल्या वस्तीत तांबीचे नाव काढले की अर्ध्या बाया घाबरतात, आणि ज्यांना बसवलेली असते त्यांच्यातल्या काहींना ती आपल्याला केव्हा बसवली हेसुद्धा सांगता येत नाही. महिला मंडळाच्या बैठकांत हा अनुभव आम्हाला वारंवार आला, म्हणून हा लेख.

तांबी चांगली की वाईट, असा निवाडा आम्हाला द्यायचा नाही. आमचे म्हणणे एवढेच, की बाईच्या माहितीने आणि तिच्या होकाराने बसवलेली तांबी हे उपयोगाचे साधन आहे. न विचारता बसवली तर तोच अन्याय ठरतो. आणि नुसत्या ऐकीव भीतीने नाकारली, तर हाताशी असलेले साधन वाया जाते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न केव्हा मांडला

संततिनियमन हा शब्द चारचौघांत उच्चारायची लोकांना लाज वाटत होती, त्या काळात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखे वागवले, मासिकावर खटले भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू कोर्टात मांडली ती बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी.

त्यानंतर १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला. पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण सभागृहात मांडले. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाईची प्रकृती कशी ढासळते, गरिबाच्या घरात मुलांचे पालनपोषण कसे अपुरे पडते, याची मांडणी त्यात होती. आणि त्याहून मोठी एक गोष्ट होती. ज्या बाईला कोणत्याही कारणाने मूल नको असेल, तिला गर्भधारणा टाळता आली पाहिजे, आणि मूल होणे न होणे हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असले पाहिजे, असा त्या मांडणीचा आशय होता. सभागृहाने तो ठराव फेटाळला. पुढे स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. म्हणजे बाबासाहेबांचे म्हणणे देशाला पटायला चौदा वर्षे लागली.

परंतु ते अर्धेच पटले, असे आम्हाला वाटते. मुले कमी असावीत, हे सरकारने घेतले. निर्णय बाईच्या इच्छेवर असावा, हे मागे राहिले.

आजीची भीती कुठून आली

"लूप बसवू नको गं, रक्त जाऊन जाऊन मरशील," असे आपल्या आज्या, मावश्या सांगत आल्या. त्यांना अडाणी म्हणून हसण्याचे कारण नाही. त्या भीतीमागे इतिहास आहे.

अमेरिकेतले डॉ. जॅक लिपीज यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लॅस्टिकचे वळणावळणाचे लूप तयार केले. भारत सरकारने ते १९६५ साली कुटुंबनियोजन कार्यक्रमात आणले. अमुक गावातून इतक्या केसेस, तमुक केंद्रातून तितक्या, अशी लक्ष्ये ठरली. शिबिरे भरली. लूप बसवणाऱ्या प्रशिक्षित स्त्री-डॉक्टर कमी, आणि बसवल्यानंतर बाईचे काय झाले हे बघायला कुणी नाही. कुणाला रक्तस्राव झाला, कुणाच्या पोटात दुखले, कुणाचे लूप आपोआप पडले. होणारा त्रास आधी सांगितलेला नव्हता आणि झालेला त्रास नंतर ऐकून घेतला गेला नाही. साहजिकच थोड्याच वर्षांत लूपचे नाव खराब झाले.

त्यानंतर आणीबाणीचा काळ आला. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यात गरीब, मजूर, झोपडपट्टीवासी यांच्यावर किती बळजबरी झाली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवते. तेव्हापासून पुरुष नसबंदीचे नावच कुणी काढेनासे झाले, आणि सरकारी यंत्रणेचे तोंड बायकांकडे वळले. ठरावीक साधनांची वरून लादलेली लक्ष्ये १९९६ साली सरकारने अधिकृतपणे रद्द केली. पण केसेस मोजण्याची सवय कागदावरून गेली म्हणून मनातून जात नाही.

तांबी म्हणजे नेमके काय

लूप आणि तांबी यांत फरक आहे. लूप नुसते प्लॅस्टिकचे होते. १९६९ च्या सुमारास चिलीचे डॉ. हाईमे सिपर यांनी तांब्यामुळे गर्भधारणा टळते हे दाखवून दिले, आणि अमेरिकेचे डॉ. हॉवर्ड टाटम यांच्या इंग्रजी टी अक्षराच्या आकाराशी त्याची सांगड घातली गेली. म्हणून तिला कॉपर टी म्हणतात. आपल्या बायांनी तिचे नाव ठेवले तांबी, आणि तेच नाव सगळीकडे चालते.

तांबी साधारण साडेतीन सेंटीमीटर लांबीची, मऊ प्लॅस्टिकची असते. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि खालच्या टोकाला दोन नाजूक धागे असतात. ती गर्भपिशवीच्या आत बसवतात. तांब्याचे अतिसूक्ष्म कण पिशवीत सुटत राहतात, त्यामुळे पुरुषबीज दुबळे होते आणि स्त्रीबीजापर्यंत पोचून त्याचे फलन करू शकत नाही. काही वयस्कर मंडळी विचारतात, हा गर्भपात तर नव्हे? नव्हे. तांबीचे मुख्य काम गर्भ राहण्याच्या आधीचे आहे.

सरकारी दवाखान्यांत सध्या दोन प्रकार मिळतात. कॉपर टी ३८० ए ही १० वर्षे चालते, आणि कॉपर टी ३७५ ही ५ वर्षे. बाईला कोणती बसवली, हे तिला माहीत असलेच पाहिजे. खासगी दवाखान्यात संप्रेरक सोडणारा एक प्रकारही मिळतो. त्याने पाळीचे रक्त कमी होते, पण तो महाग पडतो.

तांबीची खात्री किती? हजार बायांनी ३८० ए तांबी बसवली, तर पहिल्या वर्षात सहा ते आठ जणींना दिवस राहू शकतात. म्हणजे खात्री चांगलीच आहे, पण शंभर टक्के नाही. तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात. तिच्यात संप्रेरक नसल्यामुळे अंगावरचे दूध आटत नाही, म्हणून पाजत्या आईलाही ती चालते. रोज गोळी लक्षात ठेवण्याची कटकट नाही. एका गोष्टीपासून मात्र ती संरक्षण देत नाही. एड्स आणि इतर गुप्तरोग टाळायला निरोधच वापरावा लागतो.

केव्हा बसवता येते

पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांच्या आत केव्हाही तांबी बसवता येते. दिवस राहिलेले नाहीत अशी खात्री असेल, तर इतर दिवशीही बसवता येते. बाळंतपणानंतर वार पडल्याबरोबर, सिझेरियनच्या वेळी, किंवा ४८ तासांच्या आत बसवतात. ती वेळ गेली तर मग सहा आठवडे थांबावे लागते. गर्भपातानंतर जंतुसंसर्ग नसेल तर लगेच बसवता येते. असुरक्षित संबंध आला असेल, तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवूनही गर्भधारणा टाळता येते, हे फार थोड्या जणींना माहीत असते.

बसवायला काही मिनिटे लागतात. भूल देत नाहीत. बसवताना कळ येते, ओटीपोटात मुरडल्यासारखे होते. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टर, परिचारिका किंवा आरोग्य सेविका यांनीच ती बसवली पाहिजे, आणि त्याआधी आतून तपासणी झालीच पाहिजे.

पहिले तीन-चार महिने

आधी सांगितले नाही तर बाई घाबरते, ती याच काळात. तांबीनंतर पाळीचे रक्त पूर्वीपेक्षा जास्त जाते, पाळीचे दिवस वाढतात, मध्येच डाग पडतात, पोटात दुखते. बहुतेकींचा हा त्रास तीन ते सहा महिन्यांत कमी होतो. काहींचा होत नाही.

इथे आपल्या घरची परिस्थिती विचारात घेतली पाहिजे. वर सांगितलेल्या सर्वेक्षणातच देशातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. आपल्या घरांत सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरेल ते खाणारी बाई, तिच्या अंगात रक्त असणार किती? त्यामुळे तांबी बसवण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रक्त कमी आहे म्हणून तांबी चालतच नाही, असे नाही. परंतु लक्ष ठेवावे लागते.

विदर्भातल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. ज्या बाईला सिकलसेल आहे, तिने ते कार्ड दवाखान्यात दाखवावे आणि मगच निर्णय घ्यावा. तिला तांबीची बंदी नाही, पण जास्तीचे रक्त जाणे तिला परवडणारे नसते. डॉक्टरांना हे आधी माहीत असले, तर ते दुसरा उपायही सुचवू शकतात.

कुणी बसवू नये

दिवस राहिले असतील किंवा तशी शंका असेल तर तांबी बसवू नये. ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल, घाण वासाचा पांढरा पदर जात असेल, तर आधी औषधोपचार, मग तांबी. कारण न समजलेला रक्तस्राव, गर्भपिशवीचा किंवा पिशवीच्या तोंडाचा कर्करोग, गर्भपिशवीचा क्षयरोग, पिशवीचा आकार बिघडवणाऱ्या गाठी, यांपैकी काही असेल तर तांबी चालत नाही. आपल्या वस्त्यांत क्षयरोग बराच आढळतो. तो झाला असेल तर लाजून लपवू नये, डॉक्टरांना सांगावे.

ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

"तांबी वर चढून काळजापर्यंत जाते." असे होत नाही. गर्भपिशवी ही बंद थैली आहे. बसवताना पिशवीला भोक पडून तांबी पोटात सरकणे, हा धोका खरा आहे, पण तो हजारात एखाद्या वेळी घडतो. असे झाले तर शस्त्रक्रिया करून ती काढावी लागते. म्हणूनच बसवणारा हात प्रशिक्षित हवा.

"जड काम केले की तांबी पडते." विटा उचलणे, धुणीभांडी, शेतातले निंदण, यांमुळे तांबी पडत नाही. पहिल्या वर्षात काही जणींची तांबी आपोआप निसटते, आणि प्रसूतीनंतर लगेच बसवलेल्यांत हे प्रमाण थोडे जास्त असते. पण त्याला कामाचा दोष नाही. म्हणून पाळी झाल्यावर हात स्वच्छ धुऊन धागा लागतो का ते बघावे. धागा लागला नाही, एकदम लांब लागला, किंवा कडक टोक लागले, तर दवाखान्यात जावे. तांबी सोनोग्राफीत आणि एक्स-रेत दिसते.

"तांबीने कर्करोग होतो, पुढे मूल होत नाही." दोन्ही खरे नाही. बसवल्यानंतरचे पहिले वीस-एकवीस दिवस मात्र जंतुसंसर्गाच्या दृष्टीने जपायचे असतात. ताप, ओटीपोटात तीव्र दुखणे, घाण वासाचा स्राव, किंवा पाळी चुकणे, यांपैकी काहीही झाले तर वाट बघू नये. तांबी असताना दिवस राहिले, तर गर्भ पिशवीबाहेर नळीत तर नाही ना, हे तातडीने तपासावे लागते. त्यात जिवाला धोका असतो. आणि साधन निकामी ठरून दिवस राहिले, तर गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे बाईला २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करून घेता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात विवाहित-अविवाहित असा भेदही राहिलेला नाही.

न विचारता बसवलेली तांबी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो.

आमच्या वस्तीतली एक भगिनी, मिस्त्रीच्या हाताखाली मजुरी करणारी. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी तिला भरपूर रक्त जाऊ लागले. घरच्यांना वाटले, बाळंतपणाचाच दोष. उसनवारी करून खासगी डॉक्टरकडे सोनोग्राफी केली, तेव्हा कळले की आत तांबी आहे. मंडळाच्या बैठकीत ती रडत रडत म्हणाली, "मले कोणी इचारलंच नाही जी. माह्या पोटात काय ठेवलं, ते मलेच माहीत नाही!"

ज्या दवाखान्यात ती बाळंत झाली, तिथे कागदावर तिचा अंगठा होता. प्रसूतीच्या कळा सुरू असताना दहा कागदांवर अंगठे घेतात, त्यातलाच तो एक. तांबी काढून द्या म्हणून ती एकटी गेली, तेव्हा "पाच वर्षे काढता येत नाही" असे सांगून तिला परत पाठवले. मग मंडळाच्या चौघी जणी तिच्यासोबत गेलो. आवाज चढवला नाही, फक्त म्हणालो की काढता येत नाही हे कागदावर लिहून द्या. लिहून कुणी दिले नाही. दहा मिनिटांत तांबी काढून मिळाली.

या हकिगतीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. वर्षभराने हीच भगिनी आरोग्य सेविकेला सगळे प्रश्न विचारून, नवऱ्याशी बोलून, अंगातले रक्त वाढवून स्वतः जाऊन तांबी बसवून आली. पहिले तीन महिने तिला या वेळीही त्रास झालाच. पण या वेळी त्रास का होतो आणि कधी कमी होईल, हे तिला माहीत होते. ती घाबरली नाही, पैसे उसने घ्यावे लागले नाहीत. बाई तीच, तांबीही तसलीच. फरक होता तो विचारण्याचा.

प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे, सोयीचेही आहे. बाई दवाखान्यात असतेच, पुन्हा रोजी बुडवून यावे लागत नाही. पण त्याबद्दल बोलणे व्हायला हवे ते गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळी. कळा देत असलेली बाई जे "हो" म्हणते, ते "हो" नव्हे. प्रसूतीनंतरच्या तांबीसाठी सोबत करणाऱ्या आशाताईंना शासन मोबदला देते. आशाताई आपल्याच घरच्या लेकी-सुना आहेत, त्यांच्या कष्टाचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. मात्र केसमागे पैसे असतात, तिथे बाईने दोन प्रश्न जास्त विचारावेत, एवढेच आम्ही म्हणू.

काढून मागणे हा हक्क आहे

तांबी १० वर्षांची असो की ५ वर्षांची, ती तेवढी वर्षे ठेवलीच पाहिजे असा नियम नाही. मूल हवे आहे, त्रास होतो आहे, किंवा नुसते नको वाटते आहे, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे. बसवायला नवऱ्याची सही लागत नाही, काढायलाही लागत नाही. मात्र घरच्या घरी धागा ओढून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

तांबीमुळे रक्त फार जात असेल, तर त्यावरचा पहिला उपाय औषध, नाही तर तांबी काढणे. "पिशवीच खराब झाली, काढून टाका" असे कुणी म्हणाले, तर तिथून उठून सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींचे काय झाले, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात त्या जिल्ह्यातल्या तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचे दिसून आले. कामाचा खाडा नको, पाळीची कटकट नको, म्हणून तरुण वयात पिशव्या गेल्या. पिशवी गेली की परत येत नाही. तांबी काढता येते.

उलट बाजूही आहे. तांबी बसवून कित्येक जणी विसरून जातात. मुदत संपलेली तांबी तशीच ठेवू नये. आणि पाळी कायमची बंद होऊन वर्ष झाले असेल, तर ती काढून घ्यावी. घरातल्या पन्नाशीच्या आई-मावशीला हे एकदा विचारून बघा.

बांधवांसाठी

हा लेख फक्त बायकांनी वाचावा असे नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे. मैत्रिणीच्या पोटात काय दुखते, हे मित्राला माहीत असायला नको काय? दवाखान्यात सोबत जा. तांबीनंतरचे पहिले दिवस पाण्याच्या घागरी तुम्ही भरा. निरोध वापरणे हा कमीपणा नाही. आणि कुटुंब पूर्ण झाले असेल, तर पुरुष नसबंदी ही स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा लहान आणि सोपी आहे. बिनटाक्याच्या पद्धतीने काही मिनिटांत होते, ताकद किंवा पुरुषत्व कमी होत नाही. त्यानंतर तीन महिने मात्र निरोध वापरावा लागतो. ०.३ टक्के हा आकडा आपल्या समाजापुरता तरी आपण बदलू शकतो.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

हे प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून न्यावेत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावेत, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

माझ्या अंगात रक्त किती आहे? आतून तपासणी करणार का? कोणती तांबी बसवणार, किती वर्षांची? बसवणाऱ्या ताईंनी प्रशिक्षण घेतले आहे का? त्रास झाला तर कुठे यायचे, कुणाला भेटायचे? पुन्हा तपासणीला केव्हा यायचे? मला नको वाटली तर कधीही काढून मिळेल ना? आणि तांबीऐवजी दुसरे काय आहे? सरकारी दवाखान्यात निरोध, गोळ्या, 'छाया' नावाची संप्रेरक नसलेली गोळी, आणि तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन, हेही मोफत मिळते. चार गोष्टी समोर ठेवून त्यातली एक उचलली, तर ती निवड. एकच समोर ठेवली, तर ती सक्ती.

तांबी बसवल्यावर एक कार्ड देतात. त्यावर तांबीचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढण्याचे वर्ष लिहिलेले असते. दिले नाही तर मागून घ्यावे. रेशन कार्ड आणि बँकेचे पासबुक आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो, त्याच पिशवीत हे कार्डही ठेवावे. ज्या भगिनींना तांबी बसवून वर्षे झाली आहेत, त्यांनी ते कार्ड या रविवारी काढून तारीख बघावी. कार्ड सापडत नसेल, तर येत्या आठवड्यात जवळच्या केंद्रात जाऊन तपासणी करून घ्यावी. एकटीने जायला भीती वाटत असेल, तर शेजारणीला सोबत घ्या. तिलाही काही विचारायचे असेलच.